पाठशाळेच्या चौकाचा घेर आणि ठकूचे पाट

श्री. ज्याने पृथ्वी अंथरली आणि ती मोजण्याची यातायात माणसांवर सोडली, त्यास आधी नमन करून लिहितो ऐसे जे, शके सोळाशें ब्याण्णव, विकृती नाम संवत्सरी, माघमासी, एका राज्यात जागा मोजण्याची रीत अशी होती की, जागेभोवती दोर फिरवावा आणि जितका दोर लागेल तितकी जागा म्हणावी. यास घेर म्हणत, आणि पाठशाळेचे पंतोजी बाळंभट हेही मुलांस हेच शिकवीत, आणि मुले माना डोलवून घोकीत. मग सरकारचे रथ वाढले, आणि ते ठेवण्यास कारभारी अंताजीपंत यांनी पाठशाळेचा चौक मागितला. चौक वीस हात लांब, वीस हात रुंद, घेर ऐंशी हात. बदल्यात गजशाळेमागील बोळ दिला. तो अडतीस हात लांब, दोन हात रुंद, आणि घेर ऐंशीच. पंतोजींनी "जागेस जागा बरोबर" ऐसे लिहून सही केली आणि समाधानाने विडा खाल्ला.

दुसरे दिवशी एकशें वीस मुले बोळात बसवू लागले, तो शहात्तर बसली आणि बोळ संपला. कारभारी पाहावयास आले आणि बोलिले, "जागा तितकीच आहे, मुलेच फुगली असतील. उरलेली चव्वेचाळीस कायमची घरी पाठवा. आधी मुली." त्यांत सुताराची ठकू होती, वय वर्षे नऊ. ती म्हणाली, "पंतोजी, माझा बा पंगतीला पाट मांडतो तवा भोवतीनं दोर न्हाई फिरवत. किती पाट मावत्यात त्ये बघतो."

हे ऐकून पंतोजींस घाम फुटला, कारण सही त्यांची आणि शिकवणही त्यांचीच. मग त्यांनी सुताराकडून हातभर लांब, हातभर रुंद पाट मागविले, आणि मुलांकडून मांडवून मोजविले. बोळात ओळी दोन, ओळीत पाट अडतीस, एकूण शहात्तर. चौकात ओळी वीस, ओळीत पाट वीस, एकूण चारशें. पंतोजी मुलांसह थेट हुजूर गेले आणि म्हणाले, "महाराज, चूक माझी आहे. शिक्षा मला व्हावी, मुले घरी बसू नयेत." महाराजांनी अंगणात तोच दोर दोन वेळां मांडविला, एकदां चौकासारखा, एकदां बोळासारखा, आणि आंत पाट मांडविले. बोळाच्या पंगतीकडे पाहून महाराज बोलिले, "येथे वाढप्याने कोठून फिरावे?" तेव्हां दरबार हसला आणि कारभारी लाल जाहले.

कारभारी चिडून म्हणाले, "जागा तिकोनी असली तर? पाट कोपऱ्यात कसे बसतील?" हे पंतोजींनी शिकविलेच नव्हते. ठकूने एक चौकोनी कागद घेतला, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत फाडला, दोन तुकडे एकावर एक ठेविले, ते तंतोतंत जुळले, आणि म्हणाली, "आख्ख्या चौकोनाचे पाट मोजायचे आन निम्मे घ्यायचे." पंतोजींनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडिला तो मागल्या रांगेपर्यंत ऐकू गेला, आणि त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपविले नाहीत. मग आज्ञा जाहली की, चौक पाठशाळेस परत द्यावा, आणि रथ बोळात ठेवावे. कारभारी म्हणाले, "महाराज, रथ बोळात शिरणार नाहीत." महाराज बोलिले, "घेर ऐंशी आहे की नाही? मग पुरेल."

सारांश. चौक पाठशाळेस पावला, मुले एकशें वीस बसली, मुलींसकट, आणि पाय पसरण्यास जागा उरली. पंतोजी पूर्वीचे सर्व पाठ खोडून पाटांवर शिकवू लागले. ऐंशी हातांचा दोर सरकारांत निरुपयोगी ठरला, तो मुलांनी मागितला आणि चौकातील चिंचेस झोपाळा बांधिला. पहिला झोका पंतोजींनी घेतला. हे जसे जाहले तसे लिहिले.