टेंभरे मास्तरांचं कोरं पान

टेंभरे मास्तरांनी रजेच्या अर्जाला तळटीप जोडली, तेव्हा आमच्या हेडमास्तरांनी चष्मा पुसून तो अर्ज दोनदा वाचला. 'काल पोटदुखीमुळे शाळेत येऊ शकलो नाही' असं साधं वाक्य होतं आणि 'पोटदुखी'च्या डोक्यावर बारीकसा एक आकडा होता. खाली रेघ मारून खुलासा केला होता: 'चित्रकला शिक्षकांच्या घरची भजी, शनिवार, सायंकाळ. प्रत्यक्ष अनुभव.' चित्रकला शिक्षक म्हणजे मी. हेडमास्तरांनी रजा मंजूर केली आणि भज्यांबद्दल मला बोलावून विचारलं.

मास्तरांचं पूर्ण नाव झामलाल टेंभरे. गाव सौंदडजवळचं, घरी धानाची शेती, चार भावांत हाच एक शिकलेला. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं हा माणूस गोंदियाला आमच्या शाळेत मराठी शिकवत होता. उरलेल्या वेळात तो नागपूरच्या विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत होता. विषय होता, 'पूर्व विदर्भातील गूढ मंत्रपरंपरा: एक चिकित्सक अभ्यास.' गुरू शिष्याच्या कानात काय सांगतो, कोणाला सांगतो, कोणाला सांगत नाही आणि का, हे शोधून काढून त्याला आकडे लावायचे, असं त्या कामाचं स्वरूप मला समजलं होतं.

स्वतः मास्तरांचा मंत्रातंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास एकाच शब्दावर होता, "आधार?" कोणी काहीही बोललं की मान तिरकी करून ते तेवढंच विचारायचे. मी म्हणायचो, आज ऊन फार आहे. "आधार?" शिपाई सांगायचा, घंटा झाली. "आधार?" दूधवाल्याने दूध शुद्ध असल्याचं सांगितलं तेव्हाही त्यांनी आधार मागितला. तो बिचारा म्हणाला, "आधार तो भैंस ही है, मास्टरजी." हे उत्तर मास्तरांना पटलं. मूळ स्रोताचा उल्लेख आहे, म्हणाले.

वय चाळिशीला टेकलं तरी लग्न नव्हतं. 'प्रबंधानंतर' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दर कापणीनंतर त्यांचे थोरले भाऊ तांदळाचं पोतं घेऊन यायचे, वळकटीएवढ्या जागेत कसेबसे बसायचे, कारण बाकी खोलीभर कागद होते, आणि मला विचारायचे, "याचं शिकनं कवा सरन गा? मायनं तीन पोरी पाहून ठेवल्या होत्या. तिघींचीबी लग्नं झाली." मी सांगायचो, एकच अध्याय राहिला आहे. ते खरंही होतं. गोंदियात नवीन कॉलेज निघालं होतं, तिथे मराठीची जागा होती आणि डॉक्टर झाले की ती मास्तरांनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. सगळं त्या चौथ्या अध्यायावर अडलं होतं.

माझं अक्षर चांगलं, म्हणून प्रबंधाची सुवाच्य प्रत करायचं काम माझ्याकडे आलं होतं. भज्यांची भरपाई, असं मास्तर म्हणायचे. त्यामुळे चौथा अध्याय मला जवळजवळ पाठ होता. त्यात सगळा भर एका मंत्रावर होता, विंचू उतरवायचा. तो दरेकसाच्या डोंगराकडच्या एका गावातल्या सुकलूबाबाकडे होता. तो देत-घेत आलेल्या सात पिढ्यांची नावं मास्तरांनी मिळवली होती, नियमही मिळवले होते. मंत्र फक्त ग्रहणात, वाहत्या पाण्यात उभं राहून द्यायचा. एकालाच द्यायचा. दिला की देणाऱ्याचा राहत नाही. घेणाऱ्याने कोणाला नाही म्हणायचं नाही, जेवत असला तरी ताटावरून उठायचं. आणि जो न देता मरतो त्याचा जीव सुखानं जात नाही. फक्त मंत्र तेवढा मिळाला नव्हता. नागपूरच्या मार्गदर्शकांनी कळवलं होतं, मूळ पाठ जोडा, त्याशिवाय हा अध्याय म्हणजे नवरदेवाविना वरात.

म्हणून टेंभरे मास्तर दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरने दरेकसाला जायचे. तिथून दीड कोस चालत. बाबासाठी तंबाखू, चुना, कधी गुळाची ढेप न्यायचे. बाबा एकटाच राहायचा. बायको गेलेली, मुलगा रायपूरकडे कामाला गेला तो परतलाच नव्हता. बाबा त्यांना मोहाच्या झाडाखाली बसवायचा, कोदोची पेज पाजायचा, दिवसभर गोष्टी सांगायचा आणि संध्याकाळी म्हणायचा, "पुढच्या इतवारी ये." असं तीन वर्षं चाललं. मी एकदा सोबत गेलो तेव्हा बाबाने माझ्यासमोरच विचारलं, "काऊन येऊन राह्यला गा मास्तर? तुले का कराचा हाय मंत्र?" मास्तरांनी खरं ते सांगितलं, लिहायचा आहे म्हणून. बाबा हसला. कानाची गोठ कानातच जाते, म्हणाला, कागदाले का कान असते?

आणि मग एका रविवारी मास्तर धावतपळत माझ्याकडे आले. बाबा तयार झाला होता. पुढच्या आठवड्यात सूर्यग्रहण होतं. लिहिण्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, मंत्र म्हणजे ध्वनी आणि ध्वनीची नोंद करता येते. शपथ वगैरे त्यांनी घेतली नव्हती. एकदा कानात पडला की पाण्यातून बाहेर येऊन तिथेच उतरवून घ्यायचा, असा बेत होता. विसरायला नको म्हणून वही आणि टोक काढलेली पेन्सिल घेऊन मी काठावर बसायचं.

तसा मी बसलो. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. दुपारचं ऊन विझल्यासारखं पिवळं पडलं, पाखरं गप्प झाली. बाबा आणि मास्तर मधोमध उभे राहिले. बाबाने मास्तरांच्या कानाला तोंड लावलं. माझ्या एका हातात त्यांच्या चपला होत्या आणि दुसऱ्यात वही. बराच वेळ लागला. माझ्या अंदाजापेक्षा मंत्र लांब दिसत होता. मग मास्तरांनी मान हलवली, वाकून बाबाच्या पायाला हात लावला आणि दोघे बाहेर आले. बाबाचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

मी वही पुढे केली. मास्तर म्हणाले, "हात ओले आहेत. कागद भिजेल." गाडीत मी पुन्हा वही दिली, तर गाडी हलते, अक्षर बिघडेल. घरी आल्यावर शाई पातळ होती. त्यानंतर परीक्षा आल्या, मग उन्हाळा आला. मी प्रत करत एकशे बेचाळीस पानांपर्यंत पोचलो आणि एकशे त्रेचाळीसावं पान पाठासाठी कोरं सोडलं. ते कोरंच राहिलं. मार्गदर्शकांची तीन पत्रं आली. शेवटी प्रबंध तसाच गेला आणि तसाच परत आला. कॉलेजातली जागा यवतमाळकडच्या एका गृहस्थांना मिळाली. थोरले भाऊ पोतं दारातच ठेवून परत गेले. मला मास्तरांचा रागच आला. घोडं गंगेत न्हालं असताना हा माणूस ऐन वेळी शेण खातो, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

मला वाटलं, नास्तिक माणूस ऐन वेळी भ्यायला. तसं मानायला जागाही होती. बाबाने मंत्र मास्तराले देल्ला, ही बातमी गाडीबरोबर गोंदियाला पोचली होती. राइस मिलमधला एक मजूर पहिल्यांदा हात फडक्याने बांधून दारात आला. मास्तर वरणभात कालवत होते. ते ताटावरून उठले. त्याच्या हातावर झुकून ओठांत काहीतरी पुटपुटले, फुंकर मारली आणि मग त्याला रिक्षात घालून दवाखान्यात पोचवून आले. यानंतर हे नेहमीचं झालं. मंत्रानंतर दवाखाना झालाच पाहिजे, हा नियम त्यांनी आपल्या पदरचा घातला होता. त्याला आधार काय, असं मी खवचटपणे विचारूनही घेतलं. रविवारची पॅसेंजर मात्र चुकली नाही. प्रबंध संपला होता, तरी तंबाखू आणि चुना चालूच होता.

पुढच्या वर्षी मला विंचू चावला. भर सकाळी, कौलं उतरवताना. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बायकोने मास्तरांना बोलावलं. ते आले, माझा हात धरून झुकले आणि पुटपुटू लागले. इतर लोक श्रद्धेने डोळे मिटून घेत असावेत. मी शिक्षक असल्यामुळे कान देऊन ऐकलं.

"पृष्ठ सत्तावीस, तळटीप तीन. तत्रैव. तत्रैव. पृष्ठ एकतीस. पाहा, परिशिष्ट दोन. तत्रैव."

मास्तर प्रबंधातल्या तळटिपा म्हणत होते. कळ कोपरापर्यंत चढलेली असतानाही मला हसू फुटलं. मास्तर लाजले. मला दवाखान्यात नेऊन, सुई टोचवून, परत आणून त्यांनी खाटेवर निजवलं. मग आपणच म्हणाले, "बाबाला मंत्र आठवला नाही."

पाण्यात उभं राहिल्यावर बाबाने सुरुवात केली, दोन शब्द म्हणाला आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला. गावात विंचू चावलेले लोक अलीकडे दवाखान्यात जात होते, कितीक वर्षांत बाबाला मंत्र म्हणायची वेळच आली नव्हती. तो मास्तरांच्या कानाशी नुसते ओठ हलवत राहिला. शेवटी त्याने हळूच विचारलं, "मंत्र भेटला का गा?"

"मग?" मी विचारलं.

"मी म्हणलो, भेटला, बाबा." मास्तर आमच्याशी सहसा असं बोलत नसत, पण त्या वेळी त्यांच्या तोंडी घरची बोली आली होती.

मी उठून बसलो. म्हटलं, अहो, मग हेच लिहा. पाठ लुप्त झाला, हाही शोधच आहे. उलट मोठा शोध आहे. मार्गदर्शक डोक्यावर घेतील तुम्हाला. मास्तरांना हे माझ्या आधी सुचलेलं होतं. ते म्हणाले, छापलेलं कधी ना कधी बाबाच्या गावात पोचेल, कोणीतरी त्याला वाचून दाखवेल. मी मंत्र दिला, आता मोकळा झालो, असं तो गावभर सांगत फिरतो आहे. इतकं बोलून ते घरी गेले. त्यांच्याबद्दल चारचौघांत बोललेलं सगळं मला आठवलं आणि फार वाईट वाटलं.

दोन वर्षांनी सुकलूबाबा गेला. निरोप आला तेव्हा मीही मास्तरांबरोबर दरेकसाला गेलो. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, झोपेतच गेला, काही त्रास झाला नाही. लोकांनी बाबाला विचारलं होतं, आता इच्चू उतरवाले कोनाकडं जावाचं? तर म्हणे, "मास्तर हाय ना. माहं सारं त्याच्यापाशीच हाय." मास्तर मोहाच्या झाडाखाली, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले आणि उघड उघड रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. वडील गेल्याची तार आली तेव्हा त्यांनी तिच्यावर ती पोचल्याची वेळ टिपून ठेवली होती.

परतीच्या गाडीला उशीर होता. फलाटावर बसल्या बसल्या मी भीत भीत विषय काढला. आता तर बाबा नाही, म्हटलं. आता कोणाला दुखावायची भीती नाही. एकशे त्रेचाळीसावं पान मी एका बैठकीत लिहून देतो. डॉक्टर व्हा, अजून उशीर झालेला नाही.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग मीही त्यांच्यासारखीच मान तिरकी केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"न लिहिण्याला आधार?"

हातातली तंबाखूची पुडी बाबापर्यंत पोचली नव्हती, ती मास्तरांनी खिशात ठेवली.

"मी त्याले भेटला म्हणलो ना," ते म्हणाले. "तोच आधार."