खंडेरावाचं हिरवं बाकडं

मागच्या दिवाळीला मेव्हणा आला, तवा खंडेरावानं शेजारच्या रामूची खुर्ची मागून आणली होती. मेव्हणा मारुतराव ऐटीत बसला, चहाची बशी तोंडाला लावली, तेवढ्यात रामू दारात हजर.

"खंडेराव, खुर्ची द्या. आमच्याकडं बी पाव्हणं आल्यात."

मारुतराव बशी धरून उठला. खुर्ची गेली, आणि खंडेरावाची अब्रू बी तिच्याच मागनं गेली.

खंडेराव सातारकडचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तसा इकडं आला, कुंभवलीत खोली घेऊन राह्यला. डोकं असं, की आधी तापणार आणि मग चालणार. यंदा मेव्हणा येतोय कळल्यावर तो गरजला, "गोजरे, बसायला मी घरी करतो! कुणाच्या दारात जायचं नाय!"

"इकत आणा की."

"इकत? मग हे हात काय चुलीत घालू?"

(याच हातांनी आधी देव्हारा केला होता. तो देवांसकट खाली आला.)

साइटवर मशिनींची खोकी फोडून टाकलेली. त्यांच्या लाकडाचे पाय झाले. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले. बसायची जाड फळी मात्र सातपाटीला घावली. मासळी विकायला येणाऱ्या हंसाबायच्या घरची जुनी होडी मोडीत निघाली होती. फळी खांद्यावर घेताना हंसाबाय म्हणाली, "भाऊ, ऐक जरा, या लाकडाला आमी..."

"बाय, तू बोंबील वीक. सुतारकी मला शिकवू नको!"

"नाय शिकवत, बाबा," म्हणाली आणि बोंबील वाळत घालाय लागली.

बाकडं झालं झकास. उरलासुरला हिरवा रंग दिला. पण रंग काय वाळेना. गोजराबाईनं बोट लावून बघितलं, तर बोट हिरवं.

"तू बोटं लावतीस म्हणून वाळत नाय!"

"वर चादर तरी टाकते."

"माझं काम झाकतीस?"

मारुतराव माळकरी. म्हणून गोजराबाईनं मासळीची भांडी राखेनं घासली, घर शेणानं सारवलं. भर उन्हाचा पाव्हणा आला, पांढरंशुभ्र धोतर सावरून बाकड्यावर बसला. ऊन दारातनं थेट बाकड्यावर.

"वा दाजी! स्वता केलं?"

खंडेराव फुगला. तेवढ्यात एक मांजर आलं, पाठोपाठ दुसरं. मग सगळी आळी रिकामी करून मांजरं आली आणि बाकड्याचं पाय चाटाय लागली.

"दाजी, कसला वास येतोय वो?"

"रंगाचा. भारीतला रंग हाय."

"आन् मांजरं?"

"माणसाळलेली हायत!"

इतक्यात टोपली घेऊन हंसाबाय दारात. "गोजराबाय, काय झाला गो? रोज धा मांजरां माज्या मागं असतात, आज एक पण नाय..." आणि तिनं बाकडं बघितलं. "अगो, ही तर आमची होडी! हिला दरसाल माशाचा तेल पाजलाय. हिच्यावर रंग कवा वाळंल?"

माशाचं नाव ऐकून माळकरी ताडकन उठला. बाकडं बी त्याच्यासंगं उठलं. खंडेरावानं बाकड्याचं पाय धरून खाली ओढलं, हंसाबायनं पाव्हण्याला वर ओढलं, गोजराबाई तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळली. शेवटी पाव्हणा सुटला, धोतर राह्यलं. त्याच्या पिशवीत नुसत्या भुईमुगाच्या शेंगा. मग खंडेरावाचं पेटीतलं ठेवणीतलं धोतर त्याला नेसवलं आणि बाकड्याला चिकटलेलं सोलून काढलं.

खंडेराव मान खाली घालून उभा. मारुतराव त्याच्याकडं बघत राह्यला आणि एकदम पोट धरून हसाय लागला. "दाजी, मागल्या खेपंला खुर्चीनं मला उठीवलं. यंदा बाकडं उठूच देत नव्हतं! पाव्हणचार सुधारला म्हणायचा!"

हसणं ऐकून रामू आला, तो खुर्ची घेऊनच. "बसा पाव्हणं. आज आमच्याकडं कोण येत नाय."

ते ऐकून खंडेरावाचं डोकं भडकलं. "मी काय मेलो व्हय रे? माझ्या घरात तुझी खुर्ची?" असं वरडत त्यानं हात झटकले, पाय आपटले, आणि रागारागानं मागं धपकन बसला.

मांजरं तेवढी बाजूला सरली.

"आता उठू नका," गोजराबाई म्हणाली, "घरात तिसरं धोतर नाय."