थंड तव्यावरचं बेकन

खाटकाने बेकनचं पाकीट पुढे केलं, आणि ग्रंथपालाने हात लावताच पुन्हा मागे ओढून घेतलं.

"आधी सांगा, तवा तापवून घेणार की थंड?"

"थंड," ग्रंथपाल घाईघाईने म्हणाला.

"तेल?"

"थेंबभरही नाही. स्वतःच्याच चरबीत भाजायचं."

"आच?"

"मंद. अगदी मंद."

खाटकाने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. या खाटकाचं सगळंच असं होतं. डुकराच्या पोटाकडचं मांस तो मीठ-साखर चोळून कितीतरी दिवस मुरवायचा, मग सफरचंदाच्या लाकडाच्या धुरात टांगायचा, आणि एवढं सगळं करून झाल्यावर विकायची वेळ आली की मुलगी द्यायला निघाल्यासारखा गिऱ्हाइकाची चौकशी करायचा. एका माणसाला एकच पाकीट, तेही तोंडी परीक्षा पास झाला तर. ग्रंथपालाच्या पुढचा गृहस्थ 'मायक्रोवेव्ह' एवढं बोलला मात्र, त्याला रिकाम्या हाताने घरी जावं लागलं होतं.

"घरी स्मोक अलार्म आहे?" शेवटचा प्रश्न आला.

ग्रंथपाल कसनुसं हसला. त्याचे सासरे अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, राहायला बरोबर वरच्या मजल्यावर. लेकीच्या घरात त्यांनी खोलीगणिक अलार्म लावला होता, आणि एक वाजला की सगळे वाजत, वर सासऱ्यांच्या उशाशी सुद्धा.

"आहे, म्हणजे... आहेतच."

"मग त्याला शॉवर कॅप घाला, धूर आत जायचा नाही. माझं एक पक्कं गिऱ्हाईक तसंच करतं. दर शुक्रवारी न चुकता येतं." एवढं बोलून खाटकाने पाकीट सोडलं. "कसं झालं ते सांगायला या. नाही आलात तर पुढचं मिळायचं नाही."

या पाकिटासाठी ग्रंथपालाने शनिवारची रजा टाकली होती. तशी त्याची जीभ काही फार चोचले करणारी नव्हे. पण त्याची बायको नर्स होती आणि महिनाभर रात्रपाळी करत होती. रोज सकाळी ती घरी यायची, पुसायच्या फडक्यासारखी पिळून निघालेली, आणि उभ्याउभ्या बिस्किटं खाऊन झोपायची. शेवटची रात्रपाळी संपवून ती रविवारी सकाळी येणार, पोटभर झोपणार, आणि उठेल तेव्हा तिच्यासमोर असं काही ठेवायचं की महिन्याचा शीण उतरला पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं. शनिवारी मात्र त्याला घरात बघून ती जरा चिडचिडलीच होती. "तुला आज लायब्ररीत काही कामच नाही का?" असं तिने तीनदा विचारलं. दमलीये बिचारी, असं म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही.

तर रविवार उजाडला. बायको आली, झोपली. ग्रंथपाल मोजे घालून स्वयंपाकघरात शिरला. आवाज न करता वावरणं हा तर त्याचा धंदाच. न्हाणीघरातून शॉवर कॅप आणली. ही कॅप घरात कोण वापरतं हे त्याला कधी कळलं नव्हतं, कारण त्याला टक्कल होतं आणि बायकोचे केस मुलासारखे आखूड. पण स्टुलावर चढून त्याने ती अलार्मला घातली, तर अशी चपखल बसली की मापाने शिवून घेतल्यासारखी.

मग बिडाचा तवा. थंड. त्यावर आठ पट्ट्या, एकमेकींना न चिकटता. खाली मंद आच. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग चरबी हळूहळू पाझरू लागली, कडा जरा आकसल्या, आणि असा काही वास सुटला, काय सांगावं! खारट, गोडसर, धुरकट. ग्रंथपालाने डोळे मिटले. नोकरी, टक्कल, गुडघेदुखी, सगळं काही ठीकच आहे असं त्याला वाटायला लागलं.

डोळे उघडले तेव्हा समोर सासरे उभे होते. एका हातात या घराची किल्ली, दुसऱ्या हातात लालभडक अग्निशामक.

"कुठे आहे आग?" सासरे म्हणाले.

"बाबा! हळू! ती झोपलीये!"

"मी कुजबुजतोच आहे!" सासरे कुजबुजले. आयुष्यभर बंबावर उभं राहून ओरडलेला माणूस तो, त्याच्या कुजबुजण्याने कपाटातले पेले किणकिणले. मग त्यांचं लक्ष वर गेलं. "जावईबापू, हे काय आहे?"

"शॉवर कॅप."

"अलार्मला? माझ्या अलार्मला?"

"वाजला असता तर ती उठली असती ना, बाबा. महिन्याभराने झोपलीये हो."

सासऱ्यांना बोलायचं बरंच होतं. त्यासाठी त्यांनी मोठा श्वास घेतला, आणि तिथेच सगळी गडबड झाली. तो श्वास त्यांनी पुन्हा घेतला. मग आणखी एकदा.

"सफरचंदाचं लाकूड," ते हळूच म्हणाले. या वेळी खरोखरच हळू.

"ओळखलंत?"

"जळलेलं लाकूड ओळखण्यात माझी हयात गेली." त्यांनी अग्निशामक खाली ठेवला आणि तव्यात वाकून पाहिलं. "ही कडेची झालीये बघ."

"तिच्यासाठी आहे, बाबा."

"तिच्यासाठीच म्हणतोय. कच्चं राहिलं असेल तर? चाखून बघितल्याशिवाय माझ्या मुलीला मी काही खाऊ देणार नाही."

दोघांनी कडेची पट्टी अर्धी अर्धी चाखली. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. दोघांनी बोटं चाटली.

"पण ही कडेची," सासरे शेवटी म्हणाले. "मधे आच जास्त लागते. मधली करपली असेल तर?"

मधली करपली नव्हती. मग ग्रंथपालालाच शंका आली की बायको उठेपर्यंत हे गार होणार, तर गार झाल्यावर कसं लागतं हे बघायला नको? बघितलं. गार तर आणखीच छान लागत होतं, म्हणून गरमशी पुन्हा ताडून पाहावं लागलं. सासरे म्हणाले, पावाबरोबर बघू. ग्रंथपाल म्हणाला, पाव नको, पावाने चव मरते. यावर वाद झाला, म्हणून दोन्ही प्रकारे करून बघितलं. दोघंही इतके मजेत होते, इतके तल्लीन, की लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "तू तसा माणूस बरा आहेस रे," ते म्हणाले. ग्रंथपालाला भरून आलं. त्या भरात त्याने चिमटा तव्यात फिरवला.

चिमट्याला काहीच लागलं नाही.

दोघांनी तव्यात पाहिलं. चरबी होती. बेकन नव्हतं.

"बाबा," ग्रंथपाल म्हणाला, "आपण सगळं खाल्लं."

"शेवटची कोणी खाल्ली?"

"तुम्ही. पावाबरोबर."

"आणि त्याच्या आधीची?"

ग्रंथपाल खुर्चीत बसला. त्याला खरोखरच वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं. ती आत महिन्याची झोप काढत होती, आणि जे तिच्यासाठी म्हणून आणलं ते नवरा आणि बाप, दोघांनी मिळून फस्त केलं होतं. खाटीक पुन्हा पाकीट द्यायचा नाही. दुकान तर आज बंदच.

"तिला सांगितलं होतंस?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही. सरप्राइज होतं."

"मग झालं तर! नव्हतंच काही." सासऱ्यांच्या अंगात एकदम जुना अधिकारी संचारला. "खिडक्या उघड. तवा धू. तिला अंडं आणि टोस्ट कर. टोस्ट बघून कुठली बायको चिडते?"

मग घरात जी धावपळ झाली ती सगळी मुकाट्याने झाली. ग्रंथपालाने टोस्टर लावला, तवा घासला, अंडी फोडली, त्यातलं एक ओट्यावर. सासरे वर्तमानपत्राने वास खिडकीबाहेर हाकलत होते. शेवटी ते स्टुलावर चढले.

"कॅप कशाला काढताय?"

"काम झालं की साधन पूर्ववत. आमच्या दलाचा नियम आहे."

त्यांनी कॅप काढली. त्याच क्षणी ग्रंथपालाला टोस्टरची आठवण झाली. तो वळला. टोस्टरमधून काळ्या धुराची एक नागमोडी रेघ वर चढत होती, सरळ सासऱ्यांच्या नाकाच्या दिशेने.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. स्वयंपाकघरातला अलार्म बोंबलला. त्याच्यामागोमाग दिवाणखान्यातला, बाथरूममधला, बेडरूममधला, आणि वर सासऱ्यांच्या घरातलाही. सासऱ्यांनी सवयीने अग्निशामकाकडे झेप घेतली, आणि टोस्टर, अंडी, ओटा आणि जावई यांच्यावर पांढराशुभ्र फेस पसरला.

अलार्म थांबले तेव्हा दारात बायको उभी होती. डोळे अर्धे मिटलेले, गालावर उशीची खूण. तिने फेसाने माखलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, स्टुलाशी उभ्या बापाकडे पाहिलं, मग नाक वर करून हवा हुंगली.

"बेकन?" ती म्हणाली.

"टोस्ट," सासरे म्हणाले.

"बाबा."

ग्रंथपालाच्याने खोटं बोलवलं नाही. "तुझ्यासाठी आणलं होतं गं. रजा टाकून आणलं, परीक्षा देऊन आणलं. आणि चाखता चाखता... संपलं. मला माफ कर. खरंच."

तिची नजर बापाच्या हाताकडे गेली होती.

"माझी कॅप तुमच्या हातात काय करतेय, बाबा?"

"तुझी? तुला कशाला लागते?" ग्रंथपालाने विचारलं. मग त्याला ती चपखल बसलेली कॅप आठवली. दर शुक्रवारी न चुकता येणारं पक्कं गिऱ्हाईक आठवलं. लायब्ररी शनिवारी दिवसभर उघडी असते आणि आपण तिथे असतो, हेही आठवलं. तो तोंड उघडं ठेवून बायकोकडे बघत राहिला.

"एका माणसाला आठ पट्ट्या मिळतात," बायको शांतपणे म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर मला चार. बाबांना कळलं असतं तर किती, ते आज दिसलंच. शनिवारी ड्यूटीवरून येऊन एकटीने, शांतपणे, पाय वर घेऊन खायचे मी. त्या जोरावर महिना काढला. आणि काल तू रजा टाकून दिवसभर घरात फिरत बसलास."

असं म्हणून तिने फ्रिज उघडला आणि खालचा भाजीचा खण ओढला. या घरातल्या पुरुषांनी तो खण आजवर कधी उघडला नव्हता. कोबीखालून तिने तपकिरी कागदाचं पाकीट काढलं. खाटकाचं.

"तवा धुतलास ना? ठेव. थंडच ठेव." तिने बापाकडे वळून हात केला. "आणि बाबा, कॅप."

सासरे क्षणभर घुटमळले. मग हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही अशा थाटात ते स्वतःच स्टुलावर चढले आणि कॅप घालून खाली उतरले. "मी बसलोय ना इथे," ते गुरगुरले. "काही पेटलं तर मीच ओरडेन."

थोड्या वेळाने तिघंही फेस पुसलेल्या ओट्याशी उभं राहून खात होते. पाच पट्ट्या तिला, उरलेल्या दोघांना मिळून तीन. तिने पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि तिचे खांदे महिन्याभराने पहिल्यांदा खाली आले. ग्रंथपालाने ते पाहिलं आणि त्याला आपली दीड पट्टी जास्तच गोड लागली.

"बाबा, एक विचारू?" ती मधेच म्हणाली. "सफरचंदाचं लाकूड तुम्ही वासावर ओळखलंत, हा सांगत होता. सफरचंदाच्या बागेला कधी आग लागली होती तुमच्या वेळी?"

सासऱ्यांनी घास सावकाश चावला. पुन्हा चावला. मग त्यांनी वर अलार्मकडे पाहिलं.

"शॉवर कॅप ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "पण माझं जुनं हेल्मेट त्याहून बरं बसतं."