आत्याबाई, 'हा' आणि बियरचं आइस्क्रीम

आमच्या घरात शिरायला बेल वाजवावी लागत नाही, श्वास सोडावा लागतो. दाराशी खुर्ची टाकून आत्याबाई बसलेली असते. माणूस पायरी चढला की ती उठते, चष्मा कपाळावर सरकवते, नाक त्याच्या तोंडापाशी नेते आणि म्हणते, "हा कर."

माणसानं हा करायचा. लगेच निकाल. "बडीसोप." "तंबाखू." "कांदा, सकाळचा." गॅसवाला आता खांद्यावरचं सिलिंडर न उतरवताच हा करून मोकळा होतो. माझ्या भाचीला पाहायला लालबर्र्‍याहून पाहुणे आले, तेव्हा पाणी द्यायच्या आधी आत्याबाईनं मुलाच्या बापाला दारात थांबवलं. आम्ही सगळे माना खाली घालून उभे. "निव्वळ वेलची. या, बसा," ती म्हणाली. लग्न जमलं. ते व्याही अजूनही भेटले की आधी हा करतात, मग रामराम.

आत्याबाई माझ्या वडिलांची बहीण. तिचे यजमान आमचे फुफाजी. आमच्या या हिंदी मुलखातल्या बालाघाटात आत्या मराठीत असते आणि तिचा नवरा हिंदीत, त्याला इलाज नाही. कटंगीला त्यांचं माणसांनी भरलेलं घर होतं. फुफाजी गेले, दीर-जावा आपापल्या मुलांकडे पांगले, तेव्हा मी तिला इकडे आणलं. दारूवर तिचा भारी राग, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. याचं श्रेय माझ्या चारित्र्याला नाही, तिच्या नाकाला आहे.

तर गेल्या उन्हाळ्यात चौकापलीकडे आइस्क्रीमचं नवं दुकान निघालं. बाहेर पाटी होती, 'बियर आइस्क्रीम'. खाली बारीक अक्षरात, 'नशा नहीं, सिर्फ स्वाद'. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एवढीच बंडखोरी परवडते. शनिवारी ऑफिसातून परतताना शिरलो. पहिला चमचा कडवट लागला, दुसरा जरा बरा, आणि तिसऱ्याला आपण कुणीतरी धाडसी माणूस आहोत असं वाटायला लागलं. त्याच तोऱ्यात घरी आलो आणि पायरी चढलो.

"हा कर."

केला. तिनं चष्मा आणखी वर सरकवला. नाक पुन्हा जवळ आणलं.

"अजून कर."

पुन्हा केला. आत्याबाई मागे सरून खुर्चीत बसली.

"मध्या, बियर."

"आइस्क्रीम आहे, आत्याबाई."

"आइस्क्रीमले बियरचा वास काहून येईन, बापा? मले शिकवून राह्यला काय?"

आतून बायको म्हणाली, "मले तर बँकेत काम आहे, उशीर होईन म्हणून सांगून गेलते." अशा खटल्यांत तिची साक्ष नेहमी सरकारी पक्षाकडून असते.

आत्याबाई उठली आणि पिशवीत लुगडी भरायला लागली. "मी चालली कटंगीले. पिणाऱ्याच्या घरी मी राहत नाही."

आता मात्र मी घाबरलो. कटंगीच्या घराला कुलूप. तिचे गुडघे गेलेले, तिथं पाण्याची बादली उचलून द्यायलाही कुणी नाही. आणि बोलली की करणार, हा तिचा स्वभाव.

"चाल, तुले दुकानातच नेतो," मी म्हणालो. "खोटं निघालं तर मीच कटंगीच्या बसमध्ये बसवून देतो."

स्कूटरवर ती मागे बसली ती पिशवी मांडीवर घेऊनच. दुकानात शिरल्याबरोबर तिनं आधी मालकालाच हा करायला लावलं. "माताजी, इसमें नशा-वशा कुछ नहीं है, खाली टेस्ट है," तो बिचारा हा करता करता म्हणाला.

कप आला. तिनं वास घेतला. मग एक चमचा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मी तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहत उभा.

"हौ," ती म्हणाली. "आइस्क्रीमच आहे. पण वास तोच."

"कोणता?"

"तुह्या फुफाजीचा. शनिवारचा."

मी बसलोच. फुफाजी म्हणजे चहासुद्धा बशीत फुंकून पिणारा माणूस.

"फुफाजी पीत होते?"

"शनिवारी. दोस्तासंगं, एका बाटलीत दोघं."

"अन् तू एवढं नाक लावून त्यायची सुटली नाही?"

"सोडवाले कोण बसलं होतं? पोट्ट्याले धाक पाहिजे, नवऱ्याचं वेगळं." तिनं दुसरा चमचा घेतला. "घरात सासू, जावा, दीर, पोट्टेच पोट्टे. दिवसाढवळ्या नवऱ्याच्या तोंडाकडं पाहाची सोय नव्हती, मध्या. पण पिऊन आला का, हे पाहाले दारात गेलं तर सासू काही म्हणत नव्हती. उलटं मलेच म्हणे, 'जाय व, पाह्य.' मंग ते हा करत. जवळ जाऊन उभी राहत होती मी. तेवढंच."

मीही एक कप मागवला.

"पुढं पुढं तर त्यायनं सोडून देल्ली," ती कपाचा तळ खरवडत म्हणाली. "हा मात्र रोज करत."

येताना पिशवी स्कूटरच्या हुकाला लटकली होती. आत्याबाई आधी उतरली, पिशवी तिनं माझ्या बायकोच्या हातात दिली आणि खुर्चीत जाऊन बसली. मी चप्पल काढून पायरी चढलो. ती उठली नाही, चष्माही सरकवला नाही. आजची तपासणी झाली होती.

मीच वाकलो, तोंड तिच्या नाकापाशी नेलं आणि हा केला.

तिनं डोळे मिटून वास घेतला.

"आइस्क्रीम," ती म्हणाली, आणि माझ्या गालावरून हात फिरवून मला आत सोडलं.