सोळावी मात्रा

सिग्नलला खांबेटे काकांच्या गाडीमागे कधी थांबू नये. दिवा हिरवा झाला म्हणून काका निघत नाहीत. सम आली की निघतात. दिवा लाल असताना त्यांचा उजवा हात मांडीवर असतो आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असतो. तीन पेरं आणि टोक मिळून एका बोटावर चार, चार बोटांवर सोळा, तर्जनीपासून करंगळीच्या टोकापर्यंत. तीनतालाचं आवर्तन संपवून पुन्हा पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, आले की मगच पाय ब्रेकवरून उचलतात. मागे टेक्सासमधलं आमचं अर्धं फ्रिस्को गाव हॉर्न वाजवत असतं. "अध्येमध्ये निघालं की अपघात होतात," असं त्यांचं म्हणणं. आजवर त्यांच्या गाडीला साधा ओरखडाही आलेला नाही, त्यामुळे वाद घालायची सोय नाही.

काका आमचे शेजारी. जन्मभर पुलांची डिझाइन्स केली, हौसेने तबला वाजवला, आणि आता रिटायर झाल्यावर लोकांना समेवर आणतात. माझ्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिकत सांगत होत्या. भूल देण्यापर्यंत पोचायलाच त्यांना पाऊण तास लागला, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, समेवर या." सासूबाई अजून त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.

दुसरी खोड म्हणजे खोटं न बोलणं. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणात, माझ्या नवऱ्याने हौसेने गाणं म्हटलं. सगळ्यांनी वा वा केलं. काका म्हणाले, "शब्द चांगले पाठ आहेत तुमचे." पुढे काही म्हणाले नाहीत, हीच त्यांची माया.

काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी रेवा इथेच जन्मलेली. इंजिनिअरिंगची नोकरी सोडून ऑस्टिनला एका हेवी मेटल बँडमध्ये ड्रम्स वाजवते. बँडचं नाव मी लिहीत नाही. त्यात एक थडगं आहे आणि पोटातला एक अवयव आहे. काका त्याला 'रेवाचं मंडळ' म्हणतात.

गेल्या मार्चमध्ये या मंडळाचा पहिला अल्बम आला. रेवाने काकांना त्याची सीडी पाठवली, कारण त्यांच्या जुन्या गाडीत अजून सीडी प्लेअर चालतो. काकांनी गॅरेजमध्ये उभ्या गाडीत बसून जेमतेम मिनिटभर ऐकलं आणि लेकीला फोन केला. "रेवा, यात सम नाही. ज्याला सम नाही ते संगीत नाही."

रेवा म्हणाली, "बाबा, नीट ऐकल्याशिवाय मला कॉल करू नकोस. द होल थिंग." आणि फोन ठेवला.

दुसरा कुणी बाप असता तर संध्याकाळी परत फोन करून 'ऐकलं गं, छान आहे' म्हणून मोकळा झाला असता. आमच्या काकांनी नीट म्हणजे मोजून, असा अर्थ धरला. गाणी आठ. प्रत्येकाचा ताल सापडेल, सम हाताला लागेल, तेव्हाच ते ऐकलं असं म्हणता येईल. तोवर फोन नाही.

तेव्हापासून रोज दहा वाजता गॅरेजचं दार वर जायचं आणि समोरच्या खोलीत काम करणारी मी दचकायची. मांडीवर आलेखाची वही घेऊन काका गाडीत बसलेले, आणि गाडीतून कुणीतरी गाडलं जात असल्याचा आवाज. आवाजाबद्दल एचओएचं, म्हणजे आमच्या वसाहतीच्या सोसायटीचं, पत्र आलं. त्यावर काकांनी काचा तेवढ्या वर केल्या. गायकाबद्दल विचारलं तर म्हणाले, "घसा खाकरून झाला की गाईल तो."

पण एप्रिलमध्ये ते वही नाचवत कुंपणाशी आले. "मीनल, पहिलं गाणं सात मात्रांचं आहे. चक्क रूपक!" मग तिसरं दहाचं निघालं, पाचवं अकराचं. या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात हे त्यांनीच मला शिकवलं. "पोरगी हिशेबाची पक्की आहे हो," म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.

मी म्हटलं, "हे तिला सांगा ना."

"अजून होल थिंग झालेलं नाही."

ऑगस्ट आला. सात गाणी सुटली, आठव्यावर गाडी अडली. नऊ मिनिटांचं गाणं. काकांनी ते पन्नासेक वेळा तरी ऐकलं असेल. एका रविवारी दुपारी मी डब्यातून अळूवड्या घेऊन गेले तर ते गाडीत नुसतेच बसले होते, प्लेअर बंद.

"सापडलं," ते म्हणाले. "पंधरा मात्रा. पण हे मुळात पंधराचं नाहीच. सगळी चाल तीनतालाची आहे आणि दर आवर्तनात सोळावी मात्रा गळते. चुकलीय पोरगी. शेवटी तर काठी हातातून पडल्याचा आवाजही तसाच राहिलाय."

"मग तेवढं सोडून बाकीचं सांगा."

"ऐकलं म्हणायचं आणि चूक लपवायची? आणि चूक सांगितली तर ती परत बोलायची नाही." पाच महिने हा माणूस लेकीच्या आवाजासाठी झुरत होता आणि स्वतःच्याच नियमात अडकून पडला होता. मला त्यांचा राग आला आणि वाईटही फार वाटलं. काही न विचारता मी माझ्या फोनवरून रेवाला कॉल केला, स्पीकर लावला आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

"मीनल मावशी? इज बाबा ओके?"

काकांनी ना कशी आहेस विचारलं, ना काही. "रेवा, आठव्या गाण्यात तुझी सोळावी मात्रा गळतेय," ते म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

रेवा हळू म्हणाली, "ती माझी नाही बाबा. तुझी आहे."

"माझी?"

"संडेला आईची हॉस्पिटलमध्ये शिफ्ट असायची. दुपारी तू मला झोपवायचास, रिमेंबर? पाठीवर थोपटत मोजायचास. पंधरापर्यंत यायचास आणि तूच झोपायचास. एव्हरी टाइम. मी जागी. वेटिंग फॉर सोळा."

काकांचा अंगठा करंगळीवर तिसऱ्या पेराशी थांबला होता.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग मीच वाजवायचे. तुझ्या हातावर, एका बोटाने. तू उठू नयेस म्हणून एकदम सॉफ्ट. शेवटी आहे ना ते, ती काठी नाही पडलेली, बाबा."

काकांनी प्लेअर सुरू केला आणि गाणं शेवटाकडे नेलं. सगळा कल्लोळ थांबला. मग अगदी हलकी, एकच टिचकी. काकांनी अंगठा करंगळीच्या टोकावर टेकवला आणि तसाच धरून ठेवला.

"ऐकलं गं," ते म्हणाले. "पूर्ण ऐकलं."