टीचर, आ कर!

आमच्या बालवाडीत एकही मूल दुसऱ्याच्या हातचं खात नाही! चपला स्वतः घालतं, नाक स्वतः पुसतं, डबा स्वतः उघडतं आणि सांडलेलं पाणीही स्वतःच पुसतं. हे मी, म्हणजे रोझलीन टीचर, वसईत भेटेल त्याला सांगत सुटले होते. भाजीवालीला सांगितलं, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, एकदा तर मयताच्या घरीसुद्धा सांगितलं! उन्हाळ्यात पुण्याला बालशिक्षणाचं शिबिर करून आल्यापासून मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

शिबिरातून मी एक नियम आणला होता. मुलाने आधी तीनदा स्वतः प्रयत्न करायचा. नाहीच जमलं तर 'मदत करशील का?' असं विचारायचं. तोवर कुणीही मध्ये पडायचं नाही. मुलांना हा नियम भलताच आवडला आणि पाच वर्षांची एलिसा तर त्याची पोलीसच झाली. कुणी कुणाच्या बटणाला नुसता हात लावला, तरी ही बोट नाचवत हजर, "तीनदा झालं का?"

सगळं कसं छान चाललं होतं. फक्त रायन सोडून!

रायन पाचूबंदरचा, वय वर्षं चार. बाप बोटीवर, आई नोकरीवर आणि पोरगं आजीच्या ताब्यात. आजी म्हणजे मासळी बाजारात बसणाऱ्या आल्बिना मावशी. त्या घरी नातवाला मासा सोलून, काटे काढून, भातात कालवून घास भरवायच्या. त्यामुळे शाळेत डब्याची वेळ झाली की रायन मांडी घालायचा, दोन्ही हात मांडीवर ठेवायचा आणि तोंड उघडून बसायचा! घास यायची वाट बघत! घास काही यायचा नाही. वेळ संपली की तोंड मिटायचं आणि डबा जसाच्या तसा घरी जायचा.

एक आठवडा झाल्यावर आल्बिना मावशी टोपलीसकट शाळेत आल्या.

"टीचर, पोर उपाशी ऱ्हातंय माझा! शाला हाय का उपास?"

"मावशी, जरा धीर धरा. तो स्वतःच्या हाताने खाईल."

"आनि काटा लागला तं कोन बघनार? तुजा नियम बघनार?"

आता इथे गप्प बसले असते तर ती मी कसली! मी म्हटलं, "शुक्रवारी पालक दिवस आहे. तुम्ही खिडकीतून बघा. त्या दिवशी रायन स्वतःच्या हाताने जेवला नाही, तर त्याला खुशाल घरी घेऊन जा!"

"ठरला! मंग परत पाठवनार नाय!"

त्यांच्या पदरामागून रायन माझ्याकडे बघत होता. या पोराला शाळा इतकी आवडायची की रविवारीसुद्धा पाठीला दप्तर लावून घरभर फिरायचा. आणि मी त्याला पणाला लावून बसले होते!

मग मी एक बेत आखला. शुक्रवारी डब्याच्या वेळेला मी त्याच्या शेजारीच बसणार, माझा डबा उघडणार आणि इतकं मिटक्या मारत खाणार की त्याचा हात आपोआप डब्यात जाईल. हात, डबा, तोंड! यात चुकण्यासारखं आहेच काय?

शुक्रवारी व्हरांडा पालकांनी भरला. हेतलची मम्मी मोबाईल सरसावून सगळ्यात पुढे. आल्बिना मावशी खिडकीच्या गजांना धरून उभ्या. मी दारातून भाषण ठोकलं, "पालकहो, काहीही झालं तरी कुणी आत यायचं नाही, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. मोठ्यांची लुडबुड हाच मुलांचा खरा शत्रू!" आणि दार लावून आतून कडी घातली. कडीसुद्धा मुलांच्या हाताला येईल अशी खाली, मीच बसवून घेतलेली.

पहिला कार्यक्रम रेनकोटचा. यात एक युक्ती आहे. रेनकोट जमिनीवर उलगडून ठेवायचा, टोपी आपल्या पायांकडे. वाकून दोन्ही बाह्यांत हात घालायचे आणि झुप्पकन डोक्यावरून मागे टाकायचा! मूल स्वतः रेनकोट घालतं, कुणाची गरज नाही.

"एलिसा, चल, दाखव बघू!"

"टीचर, आधी तुम्ही," एलिसा म्हणाली. "तुम्हीच सांगता ना, आधी मोठ्यांनी करून दाखवायचं!"

खिडकीत कौतुकाची कुजबुज झाली. माझा रेनकोट बाहेर स्कूटरवर निथळत होता. पण हेतलचा गुलाबी रेनकोट समोरच होता. वाढत्या अंगाचा म्हणून घेतलेला, चांगला ऐसपैस! नुसतं दाखवायचं तर आहे, असं म्हणत मी वाकले, हात घातले आणि झुप्पकन टाकला.

झुप्पकन गेला, पण निम्माच! बाह्या कोपरापर्यंत आल्या आणि तिथेच रुतल्या. बाकीचा रेनकोट मानेमागे गोळा झाला. माझे दोन्ही हात वर! पोलिसांनी पकडलेल्या चोरासारखी मी भर वर्गात उभी! खाली येईनात, निघेनात.

"बाळांनो," मी गोड आवाजात म्हटलं, "टीचरला जरा मदत करा हं."

"तीनदा झालं का?" एलिसाने बोट नाचवलं.

"अगं, पण..."

"एक!" सगळा वर्ग ओरडला.

मी झटका दिला. बाह्या आणखी वर सरकल्या. "दोन!" मी उडी मारली. टोपी डोळ्यांवर आली. "तीन!" मी गिरकी घेतली आणि खेळण्यांच्या पेटीवर आपटून धप्पकन जमिनीवर बसले!

मग मात्र मदत आली. ती येऊ नये असं वाटण्याइतकी आली! निम्मी मुलं उजव्या बाहीला, निम्मी डाव्या, आणि हेतल रडत रडत टोपीला. तिला तिचा रेनकोट हवा होता. त्या ओढाताणीत चेनमध्ये माझे केस अडकले आणि मी किंचाळले.

"वॉव!" बाहेरून हेतलची मम्मी. "टीचर मुद्दाम अडकल्यात! मुलं कशी रिॲक्ट करतात ते दाखवतायत! ॲक्टिंग काय सॉलिड आहे!"

आणि टाळ्या! मी पाय झाडत ओरडले, "ॲक्टिंग नाही! कडी काढा! कुणीतरी कडी काढा रे!"

"नाही काढायची," एलिसा शांतपणे म्हणाली. "मोठे आत येतात."

तेवढ्यात ज्याची पाळी होती त्या मुलाने डब्याची घंटा वाजवली. झालं! मी लावलेली शिस्त ती! मला तिथेच टाकून सगळी मुलं ओळीने हात धुवायला गेली. येऊन बसली, प्रार्थना म्हटली, डबे उघडले. रायनही बसला. मांडी घातली, हात मांडीवर.

मी टोपीखालून बघत होते. माझा डबा टेबलावर, माझे हात आभाळाकडे. माझा बेत पार बोंबलला! खिडकीत आल्बिना मावशींचा चेहरा दिसत होता. आज पोर जाणार, माझ्या बडबडीपायी जाणार! मला इतकं वाईट वाटलं की हाक मारायला मी तोंड उघडलं. पण हाकच फुटेना. हात वर आणि तोंड उघडं, अशी मी बसून राहिले.

रायनने ते बघितलं.

उघड्या तोंडाचा अर्थ त्या वर्गात एकट्या त्यालाच कळत होता. तो उठला, डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. डब्यात भात आणि बोय मासा. इवल्या बोटांनी त्याने माशाचा तुकडा फोडला. उजेडाकडे धरून बघितला. एक काटा काढला, डब्याच्या झाकणावर ठेवला. दुसरा काढला. पुन्हा चाचपून बघितलं. मग भातात कालवून घास केला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"टीचर, आ कर. काटा नाय."

मी खाल्लं. खरं सांगते, मला रडूच आलं. रायनने माझे डोळे पुसायला हात वर केला, बोटांना लागलेला भात बघितला आणि बोटं चाटली. जरा विचार केला. मग दुसरा घास केला आणि स्वतःच्या तोंडात घातला!

"एक तुला, एक मला," तो म्हणाला.

 मग दारावर धाडधाड थापा! "उघड गो! माझा पोर जेवला! स्वताच्या हातान् जेवला!"

एलिसा दाराजवळ गेली. "आजी, तीनदा झालं का?"

"झाला गो बाय, झाला!"

"मग विचारा."

"मदत करशील का गो माझी माय!" आल्बिना मावशी हुंदके देत म्हणाल्या आणि कडी निघाली.

त्यांनी नातवाला कडेवर घेतलं, पटापट मुके घेतले, आणि मग मोकळ्या हाताने मुशी माशाची कातडी सोलावी तसा तो रेनकोट माझ्या अंगावरून एका हिसक्यात सोलला. रेनकोट फाटला, थोडे केस त्याच्याबरोबर गेले, पण हात खाली आले!

"पोर शालेत ऱ्हाईल," त्यांनी जाहीर केलं. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "तुला घरी कोन भरवत नाय का गो?"

तर अशी मी जिंकले! रायन शाळेत राहिला, रोज डबा संपवतो, काटे स्वतः काढतो. आल्बिना मावशी बाजारात मासे कापताना माझ्या पद्धतीची तारीफ करतात. फक्त एक बारीकशी अडचण आहे. आधी टीचरला भरवल्याशिवाय रायन स्वतः घास घेत नाही, आणि मी हात वर केल्याशिवाय मला भरवत नाही.

त्यामुळे रोज घंटा झाली की मी मांडी घालते, दोन्ही हात वर करते आणि तोंड उघडून बसते. आमच्या वर्गात आता एकही मूल दुसऱ्याच्या हातचं खात नाही. शिबिरातल्या बाई पुढच्या महिन्यात माझा वर्ग बघायला येणार आहेत. मी स्वतःच्या हाताने जेवायचा प्रयत्न करून बघितला हो, पण रायन तोंड मिटून बसतो; आणि मदत मागितली तर एलिसा म्हणते, अजून तीनदा झालेलं नाही!