नवलकोलाचं अभिसरण

माणसाचं मातीशी असलेलं नातं तुटलं आहे, ही गोष्ट सर्वांत आधी ज्यांच्या लक्षात येते ते लोक साधारणपणे तिसऱ्या मजल्यावर किंवा त्याच्याही वर राहतात. तळमजल्यावरच्यांच्या घरात माती येतच असते, त्यामुळे त्यांना हा प्रश्न तितकासा भेडसावत नाही.

ज्या वसाहतीची ही हकिकत आहे तिला सात मजले होते, त्यामुळे तिथली जाणीव बरीच तीव्र होती. बासष्ट कुटुंबांनी एकत्र येऊन ‘हंगाम परिवार’ स्थापन केला. व्यवस्था सोपी होती. शहराबाहेरच्या एका शेताचं पीक परिवाराने पेरणीआधीच आपलं मानायचं. कीड पडो, पाणी कमी पडो, जे येईल ते सगळ्यांनी सारखं वाटून घ्यायचं. शेताची जोखीम ती सगळ्यांची जोखीम. बदल्यात दर शनिवारी प्रत्येक घराला एक खोका. खोक्यात काय असेल ते परिवार ठरवणार नाही, ऋतू ठरवेल. या कलमावर ताबडतोब एकमत झालं, कारण ऋतू सभेला हजर नव्हता.

शेत होतं वाटपप्रमुखाच्या ताईचं. वाटपप्रमुख स्वतः पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. हे पद त्याला मिळालं कारण त्याच्या घरी वजनकाटा होता आणि परिवारात एवढी पात्रता असलेला दुसरा कोणी निघाला नाही. ताईला या भानगडीत ओढलं होतं त्यानेच. तिच्या बांधापलीकडे मालट्रक उभे करायचं मैदान होतं. मैदानाच्या मालकाला ते वाढवायचं होतं, आणि तो अधूनमधून येऊन ताईच्या तब्येतीची चौकशी करून जाई. ताईने त्याला सांगून ठेवलं होतं की वार्षिक सभेत परिवाराने पुढच्या पेरणीची हमी दिली तर शेत राहील. नाही दिली तर आणा तुमचे ट्रक. वाटपप्रमुखाने तिला छातीठोकपणे सांगितलं होतं की लोक चांगले आहेत, काळजी करू नकोस. लोक चांगले होते, यात आजही शंका नाही.

परिवाराची घटना अध्यक्षबाईंनी लिहिली. त्या निवृत्त मुख्याध्यापिका असल्यामुळे पहिले तीन नियम चपला कुठे काढाव्यात याविषयी होते. चौथा नियम मात्र असा होता की त्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले: ‘परिवाराच्या भाजीतली एक काडीही कचऱ्यात जाणार नाही. ती खावी, किंवा ज्याला गरज असेल त्याला द्यावी.’

सुरुवातीला पालक आला, गाजरं आली, मुळे आले. बासष्टपैकी बासष्ट कुटुंबांनी खोक्याचे फोटो काढले. चोपन्न कुटुंबं एका रविवारी शेतावर जाऊन चिखलात उभी राहून आली. (ताईने नंतर ती दोन वाफ्यांची जागा पुन्हा नांगरून घेतली.) चौकशीपत्रकातून भाजीत कोणता गुण हवा, असंही विचारून झालं. चव म्हणणारे नऊ निघाले, पोषण म्हणणारे चौदा, आणि ‘टिकली पाहिजे’ म्हणणारे एकोणचाळीस. ताई बिचारी सांगितलेलं ऐकणारी. थंडीच्या हंगामासाठी तिने शोधून शोधून नवलकोलाचं एक वाण आणलं. ते तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढं होई आणि गार जागी ठेवलं तर पाच-सहा महिने त्याला काही म्हणून होत नसे.

नवलकोल ही अत्यंत गुणी भाजी आहे. दिसायला ती एखाद्या छोट्या उपग्रहासारखी असते. पहिल्या शनिवारी तिचं घरोघरी कौतुक झालं, दुसऱ्या शनिवारी तिच्या पाककृतींची देवाणघेवाण झाली, आणि तिसऱ्या शनिवारपासून परिवारात औदार्याची लाट आली.

ही लाट आली आहे हे आधी कोणालाच कळलं नाही. कळलं ते खत उपसमितीच्या अडचणीमुळे. तीन सभासदांच्या या उपसमितीने मागच्या अंगणात खताचा सुंदर खड्डा बांधून घेतला होता. त्याचं उद्घाटन झालं होतं, पाटीही लागली होती. फक्त त्यात घालायला सालं येत नव्हती. शेवटी खड्डा रिकामा बरा दिसत नाही म्हणून उपसमितीने मुख्य रस्त्यावरच्या रसवाल्याकडून संत्र्याची सालं आणायला सुरुवात केली आणि अहवालात ‘प्रगती समाधानकारक’ असं लिहिलं.

वाटपप्रमुखाला मात्र झोप लागेना. दर शनिवारी दीडशे किलो नवलकोल वसाहतीत येत होता आणि सालाचा तुकडाही बाहेर पडत नव्हता. वस्तू आत गेली की ती कुठल्या ना कुठल्या रूपात बाहेर आलीच पाहिजे, असं त्याचं शिक्षण त्याला सांगत होतं. प्रयोगशाळेत पाण्याची गळती कुठे होते ते शोधायला नळात रंग सोडतात. त्याने तोच जांभळा रंग घरी आणला, आणि शनिवारच्या वाटपाआधी वीस नवलकोलांच्या बुडाला हळूच एकेक ठिपका दिला; त्यांतल्या आपल्या खोक्यातल्याला दोन.

आठवडा व्हायच्या आतच त्याच्या सासूबाई आल्या. हातात पिशवी होती.

“जावईबापूंना आवडतो म्हणून मुद्दाम आणला,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे शेजारणीने दिला. तिला तिच्या नणंदेने दिला. पण म्हटलं, एवढा छान आहे, आपण कशाला खायचा?”

वाटपप्रमुखाने तो उलटा करून पाहिला. ठिपके दोन होते. सासूबाई गेल्यावर तो बायकोला म्हणाला, “हा आपल्याच खोक्यातला आहे. तू कोणाला दिला होतास?”

“ऑफिसात एकीला दिला. तिला गरज होती.”

“कसली गरज?”

“ते मी कसं विचारणार? आणि तू रे? पहिल्या आठवड्यातला तू वॉचमनला दिलास तेव्हा मी काही बोलले का? तुझ्या सख्ख्या बहिणीने पिकवलेला.”

वाटपप्रमुखाने नुसता फ्रीज उघडला, आत जागा नाही हे पाहिलं आणि बंद केला.

मग त्याने पद्धतशीर शोध घेतला, आणि औदार्याचं जे चित्र समोर आलं ते थक्क करणारं होतं. गाडी लावायच्या जागेवरून चार वर्षं एकमेकांशी न बोलणारी दोन कुटुंबं आता दर रविवारी एकमेकांच्या दारात नवलकोल ठेवून, घंटा वाजवून पळून जात होती. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आता जिन्याने येऊन जिन्यानेच जात होता, कारण लिफ्टमध्ये लोक गाठून त्याला भाजी देत. दुसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य आपल्या रोग्यांना भूल उतरायच्या आत नवलकोल देत असे. (त्या अवस्थेत ‘नको’ हा शब्द नीट उच्चारता येत नाही.) एका साखरपुड्यात नवऱ्या मुलीला अकरा आले, आणि ते तिच्या सासरी गेल्यावर त्यांतले नऊ वसाहतीत परत आले.

वीस ठिपकेवाल्यांचा हिशोब असा लागला: चौदा फिरतीवर, तीन वेगवेगळ्या फ्रीजच्या तळाशी, पुढे सरकवले जाण्याच्या प्रतीक्षेत, एक दार अडवायला, दोन खाल्ले गेले. खाल्लेल्यांपैकी एक दंतवैद्याच्या मुलीच्या सशाने खाल्ला. दुसरा एका घरी आलेल्या पाहुण्याने खाल्ला. तो पाहुणा पुन्हा आलेला नाही.

वाटपप्रमुखाने हे ताईला फोनवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली की दर शुक्रवारी सकाळी कंबर मोडून ती ते उपटते, आणि उपटताना उद्या कोणाच्या घरी शिजेल याचा विचार करते. सभेला आपण येणार, असंही म्हणाली. त्याने तिला धीर दिला. लोकांना फक्त खरं कळायला हवं, मग लाजेने का होईना खातील, अशी त्याची योजना होती. शाळेत विज्ञान शिकलेल्या माणसाचा खरं कळण्यावर फार विश्वास असतो.

वार्षिक सभेला सगळे आले. ताई मागच्या खुर्चीवर बसली. स्वागत झालं, मातीवरची एक कविता झाली, चपलांच्या नियमांचा आढावा झाला. मग वाटपप्रमुख उभा राहिला आणि त्याने वीसच्या वीस नवलकोलांचा प्रवास, नावं न घेता पण मजल्यांसकट, वाचून दाखवला.

दुसऱ्या मजल्याकडून टाळ्या सुरू झाल्या आणि सातव्यापर्यंत गेल्या.

अध्यक्षबाईंचे डोळे पाणावले होते. चौथा नियम इतक्या काटेकोरपणे पाळला गेला असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. संपूर्ण हंगामात कचरा शून्य. नासाडी शून्य. खाण्यातून होणारी तूटदेखील जवळजवळ शून्य. दंतवैद्याने उठून सांगितलं की आपण भाजी वाटून घ्यायला निघालो होतो आणि माणसं वाटून घेतली. (याचा अर्थ कोणी विचारला नाही, पण तो लिहून घेण्यात आला.)

“एक विचारू का?” अध्यक्षबाई वाटपप्रमुखाला म्हणाल्या. “जो माल सध्या फिरतो आहे, तो अजून किती टिकेल?”

इथे वाटपप्रमुख खोटं बोलला असता तर ही हकिकत वेगळी झाली असती. पण त्याला आकडा विचारला होता, आणि आकडा त्याला माहीत होता.

“पुढचा हंगाम सहज निघेल,” तो म्हणाला.

म्हणताक्षणी त्याला आपण काय केलं ते कळलं. पण ठराव तोवर मांडला गेला होता. ठरावाचा मजकूर असा: ज्याअर्थी परिवाराकडे पुरेसा नवलकोल आहे, आणि ज्याअर्थी तो संपत नाही, आणि ज्याअर्थी पाणी, डिझेल आणि मातीचा कस यांचा जराही वापर न करणारं पीक हेच सर्वांत शाश्वत पीक होय, त्याअर्थी पुढच्या हंगामात काहीही पेरलं जाऊ नये आणि जमिनीला तिची हक्काची विश्रांती द्यावी. परिवाराचं कार्य नेहमीप्रमाणे चालू राहील.

ताई उठली. “मला एक सांगा,” ती म्हणाली. “चवीला कसा होता?”

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ससा अर्थातच सभेला नव्हता.

“ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो,” दंतवैद्य समजुतीच्या सुरात म्हणाला. “पण खाणं हा या चळवळीचा एक भाग आहे. एकमेव भाग नाही.”

ठराव एकमताने मंजूर झाला. भावाला नात्यामुळे मतदान करता येत नव्हतं, त्यामुळे त्याचं मतही विरोधात गेलं नाही. कृतज्ञता म्हणून ताईचा सत्कार करण्यात आला आणि परिवारातर्फे तिला एक नवलकोल देण्यात आला. तो तिने घरी नेला, सोलला, चिरला, शिजवला आणि खाल्ला. चांगला होता, असं तिने भावाला कळवलं. (खाल्ले गेलेले: एकूण तीन.) त्यानंतरच्या सोमवारी तिने मैदानाच्या मालकाला बोलावून घेतलं.

आता तिथे ट्रक उभे असतात. ही बातमी आली तेव्हा परिवाराला फार मोठा धक्का बसला. तातडीची सभा झाली, शेतजमिनी कशा नाहीशा होत आहेत यावर लोक पोटतिडकीने बोलले, आणि सर्वांनी शेतावरच्या त्या रविवारचे चिखलातले फोटो पुन्हा एकदा एकमेकांना पाठवले. वाटपप्रमुख सभेला नव्हता. तो घरी एकटाच बसून, फ्रीजमधला सगळ्यांत तळचा नवलकोल काढून सोलत होता. साल जाड आणि राठ झालं होतं, आणि खताचा खड्डा संत्र्याच्या सालांनी भरलेला होता. ते कुठे टाकायचं, हा प्रश्न त्याला प्रथमच पडला.

ही हकिकत वाचणारे सुज्ञ आहेत. त्यांना यातला मुद्दा पटला असेलच, आणि वाचता वाचता एखादं नावही मनात आलं असेल: कोणी मेव्हणा, कोणी वरच्या मजल्यावरच्या काकू, ऑफिसातला एखादा, की ज्याने हे खरोखर वाचायला हवं. त्यांना अवश्य द्या. तेही नको म्हणणार नाहीत. त्यांच्याही डोळ्यांसमोर कोणीतरी असेलच.